शेवंतीच्या छपरावरची ताडपत्री

आमच्या घरावरची पिवळी ताडपत्री आता शेवंतीच्या छपरावर आहे. चार जणी विचारून गेल्या, काय गो कृष्णाबाय, सहा वर्षं तिचं तोंड बघत नव्हतीस आणि एकदम छप्पर झाकायला दिलीस? एकीला सांगितलं, तिचं गळतं. ती बोलली, मार्गशीर्षात काय गळतं? मी बोलले, तुझं तोंड गळतं, ते झाक आधी.

खरं काय ते त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. इथे सांगते.

माझी नात रोशनी अंधेरीच्या कॉलेजात सिनेमा शिकते. सिनेमा शिकायचा असतो हे मला तिच्या फीच्या पावतीवरून कळलं. माझ्या अनंताची एकुलती पोर. अनंता पाच दिवसांसाठी मोठ्या बोटीवर गेला होता, सून लग्नाला माहेरी माहुलला. घरात मी आणि ती. त्या रविवारी तिने तिचे दोन प्रोफेसर जेवायला बोलावले.

एक सम्यक सर, घाटकोपरचे. काडीसारखा माणूस, पण आवाज लिलावातल्या दलालाचा. दुसऱ्या रुचिका मॅडम, बोरिवलीच्या, गुजराती, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की दोघं बघतात आणि पुढचा आठवडा भांडतात. रोशनी म्हणते, मुलं वर्ग सोडून ते भांडण ऐकायला येतात. यावेळी भांडण आमच्या गावात शूटिंग झालेल्या सिनेमाचं होतं, म्हणून ते आमच्याच गावात येऊन भांडणार होते.

त्या सिनेमावर माझा राग होता. दोन वर्षांमागे त्या लोकांनी आमच्या घराचं दार भाड्याने घेतलं आणि आत काय दाखवलं, तर चेटकीण. रोशनीने मोबाईलवर दहा मिनिटं दाखवला. उरलेला बघायला मी सपशेल नकार दिला.

दोघं आले, जमिनीवर मांडी घालून बसले. मी चुलीपाशी बोंबील तळत होते. पहिला बोंबील पानात पडायच्या आत सुरू, आधी दुसऱ्याच एका सिनेमावरून.

"त्या पोलिसवाल्या सिनेमाचा पहिला तास चांगला होता," मॅडम बोलल्या.

"पहिला तास? पहिली दहा मिनिटं. मग हिरोची आई खोकायला लागली. मॅडम, आपल्या सिनेमात आई खोकली की समजायचं, लेखकाला पुढचं सुचत नाहीये."

"तुम्हाला आया आवडतच नाहीत, सर."

"आया आवडतात. खोकला आवडत नाही."

मी तिकडूनच बोलले, "आणि आमच्यावर जो काढलाय, त्यातली ती बाई पापलेट शेपटीला धरून उलटं लटकवते. तशी धरली तर बाजारात गिऱ्हाईक नाही, कुत्रं येईल."

सर एकदम ताठ बसले. "ऐका मॅडम! ही खरी समीक्षा!"

मॅडम हसल्या. "मग समीक्षकांनाच विचारू. आजी, त्यात तुमच्या गावाचा एक शॉट आहे. होडीतून घेतलेला. टेकडीवरचा चर्चचा क्रूस आणि त्याच्या बरोबर खाली एका घरावर पिवळी ताडपत्री. मी म्हणते, ते कॉम्प्युटरवर जोडलंय. क्रूस आणि पिवळं असं एका रेषेत येणं, इतका सुंदर योगायोग खरा नसतो."

"खरा आहे," सर बोलले. "तो दिग्दर्शक होडीत बसून दिवसभर थांबला असेल."

"तुम्ही भाबडे आहात."

"तुम्ही संशयी आहात. कुठलीही चांगली गोष्ट दिसली की तुम्हाला ती बनावट वाटते."

मॅडमनी पिशवीतून त्या शॉटचे दोन रंगीत कागद काढले. मला दाखवायला धरले तर मी मान फिरवली. चेटकिणीच्या सिनेमातलं चित्र मी का बघू? "पोरी, कढईकडे बघू दे," बोलले. त्यांचं बोलणंही कढईच्या चरचरीत निम्मंच ऐकलेलं. बघितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

जेवण झालं तरी भांडण मिटेना. शेवटी पैज लागली. जो हरेल त्याने सोमवारी भरवर्गात उभं राहून सगळ्यांसमोर बोलायचं, मी चुकलो. सरांचं तोंड बघून वाटलं, हा माणूस जीव देईल पण ते बोलणार नाही. मॅडमचंही तसंच.

"जाऊन बघू ना," रोशनी बोलली. "आपली छोटी होडी आहे. मी नेते. पिवळं आणि क्रूस जुळेपर्यंत जायचं, बस."

"तोच उजेड हवा," सर बोलले. "साडेपाचचा. उन्हं तिरपी."

मी हात धुवत होते. मला एवढंच ऐकू आलं, आजी, फेरी मारून येतो. होडी ती बापाबरोबर दहाव्या वर्षापासून चालवते, खाडीत तिचा हात कुणी धरणार नाही. मी बोलले, सरांना मधे बसव, वारा आला तर उडतील. साडेचारला गेली तिघं.

मी ताटं उचलायला बसले. मॅडमच्या ताटाखाली त्यांचा एक कागद राहिला होता. बोंबलाचं तेल लागून कोपरा पारदर्शक झालेला. फेकायला उचलला आणि नजर पडली.

क्रूस. त्याच्या खाली, एका रेषेत, माझं आढं. म्हणजे चित्र मुकीवरून घेतलेलं.

ताट तिथेच टाकून मी कागद दारातल्या उजेडात नेला.

आता मुकी काय ते सांगावं लागेल. आमच्या घरासमोर, अर्धा-पाऊण मैल आत, पाण्याखाली एक खडप आहे, मोठा खडक. दुसऱ्या खडपांवर लाट फुटते, फेस दिसतो, आवाज येतो. ही बोलत नाही. वरून पाणी तेलासारखं गुळगुळीत. म्हणून तिचं नाव मुकी. तिच्या आडोशाला रावस बसतो, हिवाळ्यात मोठा. ती जागा आमच्या घराण्याची. समुद्रावर पाटी लावता येत नाही, म्हणून खुणा असतात. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकावर एक आल्या की समजायचं, आपण अमुक रेषेवर आहोत. मुकीची खूण एकच. क्रूस आमच्या आढ्यावर आला की ती खाली आहे. त्याच्या अलीकडेच थांबायचं, पुढे जायचं नाही.

खूण बाप थोरल्या मुलाला सांगतो. धाकट्याला नाही, मुलीला तर नाहीच. मुलगी परघरी जाते, खूण सासरच्यांची होते. माझ्या सासऱ्याने माझ्या नवऱ्याला, काशीरामला, सांगितली, धाकट्या दिराला, दादूला, नाही. दादू बावीस वर्षांचा होता. एका सकाळी हट्टाने एकटा रावसाला गेला. होडीच्या फळ्या मिळाल्या, तो तिसऱ्या दिवशी. काशीरामने त्या रात्री मला खूण सांगितली, रडत. आणि तरी, अनंताने दोन वर्षांमागे जेव्हा विचारलं, आये, रोशनीला सांगू का, तेव्हा मी काय बोलले? ती उद्या वसईत दिली तर वसईकर आपला रावस खातील. मीच बोलले. माझ्याच तोंडाने.

सिनेमावाल्यांना अनंताने नेलं होतं, हे मला माहीत होतं. कुठे नेलं ते विचारलं नव्हतं. त्याने नेलं अष्टमीला, भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवशी, संध्याकाळी भरती असताना. मुकीवर तेव्हा दोन पुरुष पाणी असतं. हा रविवार पुनवेच्या दुसऱ्या दिवशीचा. उधाण. दुपारी पाणी पायरीपर्यंत आलेलं आणि संध्याकाळी साडेसहाला इतकं ओसरणार की मुकीवर गुडघाभर राहील. माझ्या दारात बसून त्या दोघांनी तासभर उजेडाचा हिशेब केला. पाण्याचं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रोशनीला फोन लावला. फळीवर चार्जिंगला लावलेला तिचाच फोन वाजायला लागला.

बंदरावर धावले. सत्तरीला धावणं म्हणजे काय, गुडघेच पुढे जातात, माणूस मागून येतो. धोंडू जाळं शिवत बसलेला.

"धोंड्या, होडी काढ! आत्ता काढ!"

"म्हातारे, पाणी कुठाय?" त्याने हात केला. बघितलं तर सगळ्या होड्या चिखलात कलंडलेल्या. "दोन तास तरी हलत नाही एकपण. झालं काय?"

काय झालं ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खूण कशी सांगू? त्याही वेळेला माझी जीभ आत ओढली गेली. याची लाज मला मरेपर्यंत राहील.

परत आले. खाडीच्या टोकाला वळसा घालून त्यांची होडी बाहेर पडलेली दिसली. दक्षिणेकडून वर सरकत होती, हळूहळू, एवढीशी. पदर हलवला. तेवढ्या लांबून कोण बघतंय? एकवीरा आई, माझं घे, मला ने, मी जगून झाले. आईचं नाव घेताना नजर वर गेली, आणि समोर माझंच छप्पर. त्यावर पिवळी ताडपत्री, उन्हात चमकत होती.

ते पिवळं शोधत होते. क्रूस आणि पिवळं.

क्रूस टेकडीवर, तो मला हलणार नाही. पिवळं हलेल. ते आपल्याकडे येताना दक्षिणेकडून येत होते. पिवळं दक्षिणेला सरकलं तर रेषा त्यांना अलीकडेच मिळेल. किनाऱ्यावर चार घरं सरकलं की समुद्रात चांगलं पाव मैल सरकतं, हे काशीरामने मला काड्या मांडून दाखवलं होतं. अलीकडे खोल पाणी. तिथेच थांबतील, बघतील, परत फिरतील.

दक्षिणेला चौथं घर शेवंतीचं.

कोयता घेतला, शिडी लावली, दोऱ्या कापल्या. ताडपत्री धबदिशी अंगावर आली, तिच्याबरोबर दोन टायर. कपाळाला लागलं ते रात्री कळलं. ओढत निघाले. गल्लीतून ती करकर करत माझ्या मागे.

शेवंती दारात जवळा निवडत होती. बोंबील वाळत घालायच्या बांबूंवरून आमचं भांडण झालं, त्याला सहा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याच्या बाराव्यालाही ती आली नाही आणि तिच्या नातवाच्या बारशाला मी गेले नाही.

"शेवंते," मी बोलले, "ही तुझ्या छपरावर टाकायची आहे. आत्ता."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "सुगंधा," सुनेला हाक मारली, "दारात कुणी भंगारवाली आली आहे बघ."

"शेवंते, पाया पडते."

तेव्हा तिने बघितलं. मी कुणाच्या पाया पडत नाही हे तिला माहीत आहे. "कशाला?"

"रोशनी होडी घेऊन गेली आहे. दोन प्रोफेसर आहेत बरोबर. क्रूसाखाली पिवळं दिसेपर्यंत ती पुढे जाणार. आणि आमच्या आढ्यावर क्रूस आला..." गल्लीत माणसं होती. तरी बोलले, मोठ्याने बोलले, आवाज खाली जातच नव्हता. "आमच्या आढ्यावर क्रूस आला की खाली मुकी आहे. ती आमची खूण आहे. घे, तुला सांगितली. रावस तुझा. माझी पोर वाचव."

शेवंती उठली, जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं. "अगो वेडे," ती बोलली, "माझ्या सासऱ्याला ठाऊक होती ती. चाळीस वर्षं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नातवंडंही बोलतात. तुमचा दादू तिथे गेला म्हणून कुणी तिकडे जाळं टाकत नाही, इतकंच. तू रोशनीला सांगितली नव्हतीस?"

मी ताडपत्रीचं टोक उचलून तिच्या हातात दिलं.

"सुगंधा! शिडी आण! पळ!"

सुगंधा वर चढली, माझ्या अर्ध्या वयाची, माकडासारखी. आम्ही खालून ताडपत्री ढकलली, तिने पसरली, मी आणलेले टायर वर फेकले, शेवंतीने स्वतःच्या खाटेची नवार सोडून दिली बांधायला. मग आम्ही दोघीपण शिडीने वर गेलो. खालून दिसत नव्हतं. दोन म्हाताऱ्या पत्र्यावर, एकीचा हात दुसरीच्या हातात. कुणी कुणाचा धरला ते माहीत नाही.

उन्हं तिरपी झाली होती. सरांना हवी होती तशीच. होडी सरकत होती. मी मनात रेषा ओढली. क्रूस, आमच्या पायाखालची ताडपत्री, पाणी. होडी त्या रेषेवर आली.

आणि थांबली.

होडीत एक जण उभा राहिला, काडीसारखा. हातात कागद पांढरा चमकला. हातवारे. दुसरी आकृतीही उभी राहिली, तिचेही हातवारे. भांडत होते. तिथेही भांडत होते! "भांडा," मी बोलले, "रात्रभर भांडा, पण फिरा मागे."

होडी हलली. मागे नाही. पुढे.

"काय करतायत?" शेवंती कुजबुजली, जशी काही मुकीला ऐकू जाईल.

जुळलं नसणार. पिवळं क्रूसाखाली आलं, पण बाकीचं चित्र जुळलं नसणार, आणि तो हट्टी माणूस बोलला असणार, अजून थोडं पुढे. मी हे धरलंच नव्हतं. पुढे पाणी गुळगुळीत होतं. मला एवढ्या लांबून दिसत होतं, बशीसारखं, सुंदर. होडी त्या बशीकडे चालली होती. मी ओरडले. काय ओरडले ठाऊक नाही. सुगंधा सांगते, तू दादू, दादू ओरडत होतीस.

बशीच्या कडेला अजून चार-पाच होड्यांचं अंतर असेल. होडीचं नाक वळलं. आधी थोडं, मग पूर्ण. पाठ आमच्याकडे, मग नाक टोकाकडे. आणि त्यांच्या मागे, त्या गुळगुळीत पाण्यात, एक लाट ओसरली आणि काळी पाठ वर आली. म्हशीएवढी. क्षणभर दिसली आणि बुडाली.

शेवंती आणि सुगंधाने मला काखेत हात घालून उतरवलं.

खाडीत पाणी नव्हतं म्हणून ते टोकावर उतरले आणि चिखल तुडवत सात वाजता आले. मॅडम पुढे, गुडघ्यापर्यंत काळ्या, आणि खुशीत.

"आजी, मी जिंकले! पिवळं क्रूसाखाली आलं, पण ताडाची दोन झाडं भलत्या बाजूला. सिनेमात ती डावीकडे आहेत. म्हणजे ती कॉम्प्युटरने उचलून ठेवली. सर म्हणत होते, पुढे चला, पुढे जुळेल. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पिवळं आणि क्रूस जुळले तिथे निकाल. रोशनी, वळव."

मी त्या बाईचे चिखलाचे हात माझ्या दोन्ही हातांत धरले. तिला वाटलं, मी अभिनंदन करते.

सर दारातच उभे. पडलेला चेहरा. "मला अजून पटत नाही," बोलले. "तो शॉट खरा होता. माझे डोळे इतके चुकत नाहीत."

चुकले नव्हते. मी त्यांना आत बसवलं, सुरमईच्या दोन तुकड्या वाढल्या, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. दुसरं काय देणार होते?

ते गेल्यावर रोशनीने विचारलं, "आजी, तुझ्या कपाळाला काय झालं? आणि आपली ताडपत्री कुठाय?"

मी तिला हात धरून दाराबाहेर नेलं. चांदणं पडत होतं, पाणी नुकतं भरायला लागलेलं. हात लांब करून दाखवलं. मुकी दिसत नव्हती, तिच्यावरचं गुळगुळीत पाणी तेवढं चमकत होतं. मग सगळं सांगितलं. दादूपासून अष्टमीपर्यंत, आणि शेवंती काय बोलली तेही.

"मी सुकाणूवर होते," पोर बोलली. "मला वाटलं, पाणी शांत आहे म्हणजे खोल असेल."

"बोल खूण."

"क्रूस आपल्या आढ्यावर आला की..."

"मोठ्याने. शेवंतीला ऐकू जाऊ दे. तिला तशीही येते."

तिने तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा रडत.

"म्हणजे सर बरोबर होते," मग बोलली. "आणि उद्या ते अख्ख्या वर्गासमोर उभे राहून बोलणार, मी चुकलो."

"बोलू दे. जिवंत आहेत म्हणून बोलतील."

"पण ते खोटं आहे, आजी. मी समोर बसलेली असेन."

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या घराण्यात चार पिढ्या खूण बापाने दिली आणि कुणाला सांगायची तेही बापानेच ठरवलं. मला तोंडाशी आलं होतं, खबरदार. ते गिळलं. बोंबलाचा काटा गिळावा तसं.

"खूण आता तुझी," बोलले. "कुणाला सांगायची ते तू ठरव."

ती आत गेली, फळीवरचा फोन काढला आणि उंबऱ्यात बसून कुणाला तरी लावला. मी ऐकायला थांबले नाही. शेवंतीची नवार तिथे वर ताडपत्रीला बांधलेली होती आणि म्हातारी बिननवारीच्या खाटेवर कशी झोपणार, म्हणून माझी चटई काखेत मारून मी तिच्याकडे निघाले.